हृदयानं रक्तात पाठवलेला सांगावा

आज आम्ही एका रक्ततपासणीविषयी बोलणार आहोत. नाव जरा अवघड आहे, एनटी-प्रोबीएनपी. दम लागून, पायांना सूज येऊन घरातलं माणूस दवाखान्यात दाखल झालं की हल्ली डॉक्टर ही तपासणी लिहून देतात. रिपोर्टवर चार आकडी, कधी पाच आकडी संख्या येते आणि घरातली माणसं घाबरून जातात. साखर तीनशे आली तरी आपल्या पोटात गोळा येतो, इथे तर आठ हजार! कुणीतरी लगेच मुंबईच्या चाकरमान्यांना फोन लावतं, 'निघा ताबडतोब' म्हणून. तर ही संख्या काय सांगते, काय सांगत नाही, आणि ती कळल्यावर घरच्या बाईनं डॉक्टरांना काय विचारायचं, ते आज बघू. घरच्या बाईनं असं मुद्दाम म्हणतो, कारण दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर गोळ्यांची पिशवी आणि आमटीतलं मीठ दोन्ही तिच्याच हातात असतं.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हटलं की माणूस गेला असंच समजतात. डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात तेव्हा हृदय बंद पडलेलं नसतं. ते चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडत असतं. विहिरीवरचा पंप जुना झाला की सुरू तर असतो, पण पाणी वरच्या कुणग्यापर्यंत पोचत नाही, तसं. आणि पुढे गेलं नाही की ते मागे तुंबतं. मागे तुंबलं की पावलांवर सूज, पोट फुगणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसात पाणी. मग आडवं झोपता येत नाही, रात्री एक-दोन वाजता धाप लागून माणूस उठून बसतं, खिडकी उघडायला लावतं. हे हळूहळू वाढतं तेव्हा आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. एकदम वाढतं तेव्हा १०८ ला फोन करावा लागतो. एकदम वाढलेल्या याच अवस्थेविषयी आज बोलायचं आहे.

फुप्फुसात असं पाणी भरणं कोकणाला नवीन नाही. जुन्या बायकांनी ते लाल विंचवाच्या दंशात पाहिलेलं आहे. जांभ्या दगडाच्या गडग्यातला, लाकडाच्या भाऱ्यातला तो लहानसा विंचू. दंशानंतर घाम, ओकाऱ्या, हातपाय थंडगार, आणि काही तासांत तोंडाला गुलाबी फेस. ते विष हृदयावर इतका ताण आणतं की धडधाकट पोराचं हृदयही दमून जातं. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा असे रुग्ण त्यांच्यापुढे मरत होते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हातापायांचा थंडपणा, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या रुग्णांना वाचवतं हे दाखवून दिलं. १९८२ आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं. त्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही हात होता. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. हे इथे सांगायचं कारण असं, की त्या काळी कोण वाचेल आणि कोण नाही हे ओळखायला रक्ताची कुठलीही खास तपासणी नव्हती. होते ते डोळे, हात आणि वही. आज तपासणी आहे, पण वही सुटलेली नाही. त्याकडे आम्ही पुढे येतोच.

आता ती तपासणी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला, ती फुग्यासारखी ताणली गेली, की हृदय स्वतःच रक्तात एक द्रव्य सोडतं. ते द्रव्य मूत्रपिंडाला सांगतं, 'मीठ आणि पाणी बाहेर काढ', आणि रक्तवाहिन्यांना सांगतं, 'सैल व्हा'. दमलेल्या हृदयानं आपला भार हलका करण्यासाठी पाठवलेला तो सांगावा आहे. कॅनडातल्या अडॉल्फो डी बोल्ड यांनी १९८१ साली उंदरांवरच्या प्रयोगात पहिल्यांदा दाखवलं, की हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क टोचला की लघवी भराभर वाढते. म्हणजे हृदय नुसता पंप नाही, ग्रंथीसारखं द्रव्यही तयार करतं. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना त्याच कुळातलं दुसरं द्रव्य डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याच्या नावातला 'बी' म्हणजे 'ब्रेन', मेंदू. नंतर कळलं की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतूनच येतं. पण एकदा पडलेलं नाव कोण बदलतंय! हृदयात हे द्रव्य आधी एकसंध तयार होतं, मग त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, तो काम करतो आणि वीसेक मिनिटांत निम्मा होतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी, तो काही काम करत नाही पण रक्तात जास्त वेळ टिकतो. तपासणी दोघांपैकी कुणाचीही करता येते. मात्र दोघांचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे एकदा एक आणि दुसऱ्यांदा दुसरी अशी तपासणी झाली तर त्यांची तुलना करायची नाही.

मोजमाप पिकोग्रॅममध्ये असतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. म्हणून 'आठ हजार' ऐकून दचकायचं कारण नाही. साखरेचे दोनशे आणि याचे आठ हजार ही दोन वेगळी मापं आहेत, पायली आणि गुंजेसारखी.

दम लागलेलं माणूस तातडीच्या विभागात आलं तर पहिला प्रश्न असतो, दम हृदयाचा की छातीचा? दमा, न्यूमोनिया, हृदय, तिन्हींत माणूस सारखंच धापा टाकतं. २००२ साली १५८६ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की बीएनपी शंभराच्या खाली असेल तर दम बहुधा हृदयाचा नसतो. एनटी-प्रोबीएनपीसाठी तो आकडा ३०० आहे. 'हृदयाचाच आहे' असं म्हणायची पातळी वयाप्रमाणे चढते. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९००, त्यापुढे १८००. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा ठोके अनियमित असतील तर आकडा जास्त येतो. अंगानं स्थूल माणसात तो कमी येतो, तेव्हा जाड बाईचा आकडा बरा आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

या वयाच्या हिशेबातून आपल्या फार कामाची एक गोष्ट निघते. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा त्यानंतरच्या पाच महिन्यांत, आधी काहीही दुखणं नसलेल्या तरुण बाईचं हृदय अचानक दुबळं होऊ शकतं. हे सर्रास होत नाही, पण होतं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, सगळं चालू असतं. ती म्हणते, 'आये, दम लागतो गो.' आपण म्हणतो, 'अशक्तपणा आहे, जागरणं होतायत.' पायांची सूज बघून शेजारीण म्हणते, 'अंग भरलंय पोरीचं.' बाळंतपणानंतर सूज उतरायला हवी. ती वाढत असेल, उशीवर उशी घेतल्याशिवाय झोप लागत नसेल, रात्री आडवं झाल्यावर खोकल्याची ढास लागत असेल, तर तो अशक्तपणा नव्हे. साध्या बाळंतपणात हा रक्तातला आकडा फारसा चढत नाही. म्हणून अशा वेळी ही एक तपासणी, ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. वेळेत सापडलं तर यातल्या बऱ्याच बायकांचं हृदय पुन्हा सावरतं. 'पुढचं मूल होऊ द्यायचं का' हा प्रश्नही मग हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडवू नये, सासूनंही नाही आणि नवऱ्यानंही नाही.

आता मुख्य प्रश्न. आकडा मोठा आला म्हणजे माणूस वाचणार नाही का?

अमेरिकेतल्या दवाखान्यांत दाखल झालेल्या अठ्ठेचाळीस हजारांवर रुग्णांचा हिशेब २००७ साली छापला गेला. दाखल होताना घेतलेल्या बीएनपीप्रमाणे त्यांचे चार गट केले. सगळ्यात कमी आकड्याच्या गटात दवाखान्यातच दगावणारे शंभरात दोन होते. सगळ्यात मोठ्या आकड्याच्या गटात, म्हणजे १७३० च्या वर, शंभरात सहा. म्हणजे धोका तिप्पट. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्याच वाईट गटातले शंभरातले चौऱ्याण्णव घरी गेले, हेही त्याच कागदावर आहे. रिपोर्ट बघून मुंबईला 'निघा' म्हणायची घाई करणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. ही तपासणी इतर साध्या तपासण्यांपेक्षा महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. पण त्याच अमेरिकी नोंदींवरून २००५ साली दिसलं होतं, की तीन साध्या गोष्टींवरूनही बरंच कळतं. रक्तातला युरिया, वरचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन. आपल्याकडच्या रिपोर्टच्या हिशेबानं युरिया साधारण ९२ किंवा त्याहून जास्त, वरचा रक्तदाब ११५ च्या खाली आणि क्रिएटिनिन २.७५ किंवा जास्त, असं तिन्ही एकत्र आलेल्या रुग्णांत शंभरातले बावीसच्या आसपास दगावले. यातलं काहीच नव्हतं त्यांच्यात दोन. या तपासण्या साध्या लॅबमध्येही होतात. आपण रक्तदाब जास्त असला की घाबरतो. दम लागलेल्या, हातपाय गार पडलेल्या माणसाचा रक्तदाब कमी असणं जास्त काळजीचं आहे, हे बावस्करांच्या वहीतही होतं आणि अमेरिकेच्या संगणकातही. ट्रोपोनिन नावाची तपासणीही करतात, ती हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगते. ती वाढलेली असली तर धोका वाढतो.

पण मैत्रिणींनो, दाखल होतानाच्या आकड्यापेक्षा आम्ही महत्त्व देतो ते घरी निघतानाच्या आकड्याला. पोर्तुगालमध्ये १८२ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला, तो २००४ साली छापून आला. दवाखान्यात असताना ज्यांचा एनटी-प्रोबीएनपी निदान तीस टक्क्यांनी उतरला, ते पुढच्या सहा महिन्यांत बरे राहिले. ज्यांचा जागच्या जागी राहिला त्यांना पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि ज्यांचा चढला त्यांचं सगळ्यात जास्त. समजा दाखल होताना आठ हजार होता आणि निघताना चार हजार आहे. चार हजार हा आकडा मोठाच आहे, पण निम्म्यावर आलाय, ही चांगली खूण. दुसऱ्या कुणाचा तीन हजार होता आणि निघतानाही तीन हजारच आहे. आकडा लहान, पण काळजी याची जास्त. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी तुलना करायची नाही ती यासाठीच. तुलना ज्याची त्याच्याशी.

मग आकडा उतरेपर्यंत दवाखान्यातच ठेवा, असं कुणी म्हणेल. तेही करून पाहिलं गेलंय. युरोपात ४०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यात आकडा तीस टक्के उतरवण्याचं लक्ष्य ठेवून उपचार केले, तरी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त माणसं वाचली नाहीत. आकड्याच्या मागे लागून उपयोग नाही. तो धोका दाखवतो, कमी करत नाही.

कमी कशानं होतो? २०२२ साली १०७८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या लोकांना घरी सोडल्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात परत बोलावलं, दर खेपेला तपासलं, रक्तातला आकडा बघितला आणि औषधांचे डोस भराभर पुरेशा पातळीला नेले. बाकीच्यांवर नेहमीसारखे उपचार. सहा महिन्यांत नेहमीच्या गटात शंभरातले तेवीस जण दगावले किंवा हृदयाच्या याच दुखण्यानं पुन्हा दाखल झाले. वारंवार बोलावलेल्या गटात पंधरा. रक्ताची तपासणी तिथे कामाला आली ती औषध वाढवणं झेपतंय की नाही, हे बघायला.

आपल्या देशाचा आकडाही ऐका. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत देशभरातल्या त्रेपन्न दवाखान्यांतले दहा हजार आठशेवर रुग्ण आहेत. त्यांपैकी शंभरातले चौदा जण नव्वद दिवसांच्या आत गेले. सरासरी वय साठ. बायका शंभरात एकतीसच. बायकांना हा आजार कमी होतो, की बायकांना दवाखान्यात कमी नेलं जातं? आम्हांला दुसऱ्या कारणाचा संशय येतो. ज्या घरात आजीच्या दम्याला 'चुलीचा धूर' म्हणून वर्षानुवर्षं चालवून घेतात, तिथे तरी.

ते नव्वद दिवस म्हणजे घरचे दिवस. म्हणून सुट्टी मिळताना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. आत येतानाचा आणि निघतानाचा आकडा काय, तपासणी झाली नसेल तर युरिया आणि क्रिएटिनिन काय. निघतानाचं वजन किती. आणि परत कधी यायचं, 'महिन्यानं या' असं सांगितलं तर 'आठवड्या-दोन आठवड्यांत आलो तर चालेल का?' असं नम्रपणे विचारा. मिरजोळ्याहून रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे, २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कोल्हापूर-मुंबईला उपचार झाले असले तरी मधली रक्तदाबाची, युरिया-क्रिएटिनिनची तपासणी इथे करून फोनवर कळवता येते.

घरी रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी आहे. दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. काटा नसेल तर बचत गटानं एक घ्यावा आणि ज्या घरी गरज त्या घरी महिना-दोन महिने ठेवावा. बावस्करांच्या वहीचंच हे घरगुती रूप.

मिठाचं तर आपल्याकडे अवघडच. भाजीतलं मीठ कमी केलं असं सांगतात, आणि ताटात सुकट, लोणचं, पापड, मिठातल्या कैरीचं तोंडीलावणं. वाळवलेल्या बोंबलातलं मीठ तपकिरी सालीखाली लपलेलं असतं, पण पाणी ते ओढणारच. कोकमाचं आगळही खारवलेलं असतं. हे पदार्थ वाईट नाहीत, या माणसासाठी मात्र बंद.

आणि लघवीची गोळी. एसटीनं जायचं, वाटेत बाईमाणसाला सोय नाही, म्हणून त्या दिवशी गोळी टाळली जाते. लग्नसराईत, गणपतीत चार-चार दिवस टाळली जाते. मग विसर्जनानंतर दाखल व्हायची वेळ. गोळी टाळण्यापेक्षा त्या दिवशी ती परत आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. बरं वाटतंय म्हणून हृदयाची दुसरी कुठलीही गोळी परस्पर बंद करायची नाही.

मागच्या भागानंतर एका गटानं विचारलं होतं, की ही रक्ततपासणी दर महिन्याला करावी का? सरसकट नको. वजन स्थिर आहे, दम नाही, गोळ्या नियमित आहेत, तर दर महिन्याला पैसे घालायची गरज नाही. सुट्टीच्या वेळी एकदा, औषधं वाढवताना डॉक्टरांनी सांगितलं तर, आणि पुन्हा दम किंवा सूज वाढली तर, एवढं पुरे. शक्यतो त्याच लॅबमध्ये, तीच तपासणी, आणि जुना रिपोर्ट बरोबर न्यायचा. सगळे रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवा, पावसाळ्यात कागद दमट होतात.